बरणीतला सूर्य

आमच्या नाट्यमंडळात नट पुष्कळ, आणि प्रत्येक जण नायक. राजाचा पहारेकरी व्हायला कोणी तयार होईना, म्हणून एका वर्षी आम्ही राजाला पहाऱ्याशिवायच झोपवला. अशा मंडळात ज्याला रंगमंचावर दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्या माणसाला फार मान असतो. तो माणूस मी. दिवसा कचेरीत फायली हलवायच्या आणि संध्याकाळी हॉलच्या मागच्या अंगाला दोऱ्या ओढायच्या, यात माझी ऐंशीच्या दशकातली निम्मी वर्षं गेली. दोरीचं काम जास्त जोखमीचं. फाईल चुकीच्या वेळी वर गेली तर कोणाला पत्ता लागत नाही. पडदा गेला तर आख्ख्या रत्नागिरीला लागतो.

मागच्या अंगाला माझ्याखेरीज दोन माणसं होती. पहिले आमचे पेंटर. साठी उलटलेली, बोटांच्या पेरांत कायमचा निळा रंग. सगळे त्यांना आबा म्हणत. होड्यांवर नावं, दुकानांवर पाट्या आणि वर्षातून एकदा आमचा पडदा. त्यांच्या राजवाड्याच्या पडद्यात एक जिना होता. तो इतका खरा होता की तालमीत एक नट तावातावाने चढायला गेला आणि नाक फोडून घेऊन खाली आला. खोटं वाटत असेल तर ते नाक अजून आहे, वाकडं.

दुसरा रेडिओवाला. त्याला आम्ही भाई म्हणायचो. बाजारातल्या एका बोळात त्याचं दुकान. आखातातून सुट्टीवर आलेले लोक रेडिओ-टेपचे चकचकीत टू-इन-वन घेऊन यायचे आणि इथल्या खाऱ्या हवेत महिन्याभरात त्या यंत्रांचा घसा बसायचा. मग ती भाईकडे यायची. भाई रेडिओ उघडून आधी नाकाशी न्यायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा, "ट्रान्झिस्टर गेलाय." डॉक्टर नाडी बघतात, हा वास बघायचा. आणि चुकायचा नाही.

या भाईने आमच्यासाठी पहिला चमत्कार केला तो समुद्राचा. नाटकात लाटांचा आवाज हवा होता. खरा समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तो काही आपल्या प्रवेशाला वेळेवर वाजत नाही. भाईने एक जुना रेडिओ आणला, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला. नुसती खरखर. मग त्याने आवाजाचं बटण हळूच वाढवलं, हळूच कमी केलं. पुन्हा वाढवलं, पुन्हा कमी. आणि देवाशपथ सांगतो, हॉलमध्ये लाट आली, फुटली आणि मागे सरली. मी पाय वर घेतले. ज्या जागी कोणतंच स्टेशन नाही तिथे आख्खा अरबी समुद्र भरून ठेवलेला असतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तर त्या वर्षी आमच्यातल्याच एका मास्तरांनी नाटक लिहिलं. शेवटी रात्रभर वाट बघणाऱ्या बाईला पहाट होताना दिसते आणि नवऱ्याची होडी परत येते, असा प्रवेश. मास्तरांनी लिहिलं होतं, 'समुद्रातून सूर्य वर येतो.' आबांनी वही मिटली.

"मास्तर, आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवायचं झालं तर बिचाऱ्याला सड्यावरनं यावं लागतं."

"आबा, कलेत एवढं चालतं हो."

"तुमच्या कलेत चालत असेल. माझ्या पडद्यात नाय चालणार."

मास्तरांनी सूर्य हलवून गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, नेला. पण खरी अडचण पुढे होती. आमचे चिटणीस मुंबईला जाऊन नाटक बघून आले होते आणि तिथे त्यांनी खऱ्या दाराखिडक्यांचा सेट पाहिला होता. तेव्हापासून त्यांना रंगवलेल्या पडद्याची लाज वाटायला लागली होती. कमिटीत त्यांनी ठराव मांडला: पडदा हा शेवटचा. पुढच्या वर्षीपासून प्लायवूड. मास्तर मध्ये पडले, तेव्हा चिटणीस एवढंच म्हणाले, "ठीक आहे. या खेळात पडद्याने काही करून दाखवलं तर राहू दे. नाहीतर आंब्याच्या पेट्यांवर टाकायला कापड बरं आहे."

आबा तिथेच बसले होते. बोटांच्या पेरांतला निळा रंग नखाने खरवडत बसले.

त्यानंतर चार महिने त्यांनी तो पडदा रंगवला. मांजरपाटाचं पातळ सुती कापड, पुढून काळोखी खाडी आणि मागे सड्याची काळी रेघ. बस. आम्ही सगळे म्हणालो, आबा थकले. यात आहे काय?

पहाट करायची म्हणजे दिवा हळूहळू वाढायला हवा, आणि त्यासाठी डिमर लागतो. डिमर मुंबईला मिळायचा. तो आणायला आम्ही माणूस पाठवला, पण तो मुंबईतच नोकरीला लागला आणि पुढे गावी आला तो थेट लग्नाला. मग भाई म्हणाला, "डिमर कशाला हवा? बरणी आणा."

लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी आली. भाईने ट्रकच्या जुन्या बॅटरीतले शिशाचे दोन पत्रे काढले. एक बरणीच्या तळाशी, दुसरा कप्पीवरून सोडलेल्या दोरीला टांगलेला. बरणीत मिठाचं पाणी. दिव्याची वीज एका पत्र्यातून पाण्यात शिरणार, पाण्यातून पोहत दुसऱ्याकडे जाणार आणि मग दिव्याला मिळणार. पत्रे लांब असले की विजेला दम लागतो, दिवा मिणमिणतो. वरचा पत्रा खाली सोडत गेलं की अंतर कमी, दिवा मोठा. भाई हे पेन्सिलीने जमिनीवर काढून समजावत होता आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. ज्या भांड्यात माझी आई कैऱ्या मुरवायची त्यात हा माणूस पहाट मुरवणार होता.

आणि इथे आम्ही खास रत्नागिरीकरांचीच चूक केली. भाई म्हणाला, पाण्यात मीठ घालू. मी म्हणालो, "समुद्र दारात असताना वाण्याकडनं मीठ कशाला?" सगळ्यांना ते इतकं पटलं की माझी मंडळात पहिल्यांदा आणि शेवटची वाहवा झाली. मी सायकलला दोन कॅन बांधून मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो आणि ऐन भरतीचं पाणी घेऊन आलो. उत्तम, ताजं, घट्ट पाणी.

शनिवारी दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून चाचणी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांसाठी खास खेळ होता, तोच पहिला प्रयोग. चिटणीस पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसले. मी रबरी चपला घालून पाटावर उभा राहिलो, कारण विजेच्या पाण्याजवळ भाईची तशी आज्ञा होती. हातात दोरी. भाई म्हणाला, "सोड. हळू. केसाएवढी."

मी केसाएवढी सोडली. वरच्या पत्र्याची कड पाण्याला लागते न लागते तोच चर्र झालं आणि पडद्यामागे ठेवलेला हजार वॅटचा दिवा एकदम कानाखाली मारल्यासारखा पेटला. पडद्यावरचं चित्र त्या झगझगाटात पुसून गेलं आणि मागचं सगळं उघडं पडलं: बांबू, दोऱ्या आणि सड्याएवढी माझी सावली. मी नेमका पाठ खाजवत होतो.

चिटणीस हसून हसून खुर्चीतून घसरले. "आबा, हा सूर्य उगवला की कोणी ढकलला? आणि तो राक्षस नाटकात कुठे आहे हो?"

पुन्हा केलं. पुन्हा चर्र. सूर्याला मधलं वयच नव्हतं. जन्मला तो थेट बारा वाजताचा. "राहू द्या आता," म्हणत चिटणीस उठले. "उद्या साधं निळं कापड लावा. तुमचा पडदा मी पेट्यांसाठी सांगून ठेवतो."

ते गेल्यावर आबांनी भाईची विजेरी मागून घेतली आणि आम्हाला पडद्याच्या मागे नेलं. विजेरी कापडाला टेकवली. पडद्याला मागूनही चित्र होतं. घरांच्या कौलांतून निघणारा धूर, माडांच्या झावळ्या, काठावरच्या बायका आणि खाडीच्या तोंडातून आत शिरणाऱ्या होड्या, एकामागून एक. कुठे रंग पाण्यासारखा पातळ, कुठे दाट.

"धुराला थोडा उजेड पुरतो," आबा म्हणाले. "झावळ्यांना जरा जास्त. होड्यांवर रंग दाट आहे, त्या सगळ्यात शेवटी. उजेड चढेल तसं एकेक बाहेर येणार. सगळं एकदम दिसलं तर काय बघायचं?"

चार महिने त्यांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि मी त्याच्यावर मांडवीचा समुद्र ओतून बसलो होतो.

भाई बरणीपाशी उकिडवा बसला. बटणं फिरवून समुद्र करणारा माणूस, पण खऱ्या समुद्रापुढे त्याचं डोकं चालेना. आबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी चाखलं आणि थुंकले.

"भाई, तुझा रंग घट्ट झालाय."

"रंग? आबा, ही वीज आहे."

"असेल. पातळ कर."

भाईने त्यांच्याकडे बघितलं. मीठ जितकं जास्त तितकी वीज सुसाट, हे त्याच्या डोक्यात शिरलं. मग मला म्हणाला, "बघतोस काय मेल्या? विहिरीवर जा!"

मी कळशी कळशी विहिरीचं पाणी आणत होतो. भाई बरणीतलं पाणी काढायचा, गोडं घालायचा, दिवा लावून बघायचा. आबा प्रत्येक वेळी वीज बंद करायला लावून पाणी चाखायचे. नववी की नव्वदावी कळशी होती कोण जाणे, माझ्या खांद्यांच्या मते नव्वदावी. आबा म्हणाले, "पेजेला घालतो तेवढं झालं मीठ. आता बघ." भाईने दोरी सोडली. दिव्याच्या पोटातली तार काळी होती ती आधी निखाऱ्यासारखी लाल झाली, मग नारिंगी, मग पिवळी. आम्ही बराच वेळ नुसता तो दिवा वरखाली करत बसलो, जशी लहान मुलं नळ उघडझाप करतात.

रविवारी सकाळी मास्तर चिटणीसांकडे गेले आणि काय बोलले देव जाणे, पण पडदा लागला. दुपारी हॉल बायकांनी गच्च. कडेवर पोरं, वेण्यांत अबोली, आणि इतक्या गप्पा की पहिला अंक बहुधा नटांनीसुद्धा ऐकला नाही. शेवटचा प्रवेश आला. आज दोरी भाईच्या हातात होती. माझ्याकडे काहीच काम नव्हतं म्हणून मी विंगेत, पडद्याची पुढची बाजूही दिसेल असा, कैरी खात उभा होतो.

पत्रा पाण्याला लागला. आधी वाटलं, काही झालंच नाही. मग सड्याच्या रेघेमागे रात्र किंचित विरली. एका कौलातून धुराची रेघ निघाली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगो, चूल पेटली बघ कोणाची तरी." आणि ते शब्द आख्ख्या हॉलला ऐकू गेले, कारण गप्पा थांबल्या होत्या. दुसऱ्या घरातून धूर. माडांच्या झावळ्या. काठावर बायका उभ्या राहिल्या. पुढच्या अंगाला त्या नव्हत्या हो! मी स्वतः सकाळी पडदा झटकला होता!

आणि नेमका तेव्हा बंदरावरचा बर्फाचा कारखाना सुरू झाला. तो सुरू झाला की आमच्या भागातली वीज गुडघे टेकायची. उजेड खचला. बायका गेल्या, झावळ्या गेल्या. भाईने पत्रा पार खाली सोडला तरी सूर्य मागेमागेच. होड्या अजून यायच्या होत्या. आबांनी अंधारातच भाईचं मनगट धरलं.

"भाई, घट्ट कर. घट्ट कर!"

मीठ कुठे होतं? कोणाकडेच नव्हतं. माझ्या हातात कैरीबरोबरची पुडी होती, तिखटमिठाची. भाईने ती ओढून घेतली आणि सगळी बरणीत पालथी केली.

आता विज्ञान मला ठाऊक नाही. भाई नंतर म्हणायचा, मिठाने काम केलं, मिरचीचा काही संबंध नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलंय: असा लालबुंद सूर्य सड्यावर त्याआधी आला नाही, त्यानंतर आला नाही. ढगाआडून यावा तसा तो परत चढला आणि खाडीच्या तोंडातून पहिली होडी आत आली. मग दुसरी. मग सगळ्या. बरणी खदखदत होती, मागच्या अंगाला जळक्या लोणच्याची वाफ कोंदली होती, भाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते मिरचीवर ढकलत होता. पुढे हॉलमध्ये एका म्हातारीने हात जोडले. हॉलच्या मागे कोणाचा तरी कोंबडा होता, तो भर दुपारी आरवला. यातलं फक्त कोंबड्याचं तुम्ही मानलं नाहीत तरी चालेल.

दर्शनी पडदा पाडला तरी बायका उठेनात. "परत उगवा," म्हणाल्या. परत उगवला. मग त्या नाइलाजाने गेल्या.

हॉल रिकामा झाल्यावर भाई म्हणाला, "आबा, तुम्ही कधी बघणार? पुढे जाऊन बसा." चार महिने आबांनी कधी पुढून, कधी मागून रंगवलं होतं, पण उजेड मागून येताना समोरून पाहिलं नव्हतं. ते रिकाम्या खुर्च्यांत मधोमध जाऊन बसले, हातातला टॉवेल मांडीवर ठेवून. भाईने दोरी सोडली. धूर निघाला. माड आले.

चिटणीस कधी येऊन त्यांच्या शेजारी बसले ते मला कळलं नाही. मग घसा साफ करून हळूच म्हणाले, "आबा, पुढच्या वर्षीच्या पडद्याला कापड किती लागेल?"

आबांनी नजर हलवली नाही.

"गप बसा जरा," ते म्हणाले. "होड्या येतायत."