बन्सी पेंटरनं पुसलेला माणूस

तर काल अर्धीच राहिली ती बन्सी पेंटरची गोष्ट. उस्मानपुऱ्यात त्याचं दुकान. शर्यत जिंकलेल्या घोड्यांची चित्रं काढावीत ती त्यानंच. आधी घोड्याला गूळ चारणार, अंगावरून हात फिरवणार, मगच ब्रश उचलणार. पण गडी लई तापट.

हर्सूलचा शिवराज आपल्या घोडीचं चित्र बघायला आला. चित्रात तीन वर्षं शर्यतीत पहिली आलेली घोडी, आणि शेजारी फेटा बांधून, लगाम धरून तो स्वतः. रंग अजून ओलाच होता.

"काका, झकास! फक्त गळ्यावरचा केसांचा भोवरा तेवढा पुसा. गिऱ्हाईक अशुभ मानतं. चित्र दाखवूनच घोडी विकायचीय."

बन्सीचं डोकं फिरलं. "जिच्या जिवावर गावभर मिरवलास, तिला खोटी करू व्हय रं?"

मी तिथंच दुकानात बसलो होतो. म्हणालो, "बन्सी, जाऊ दे. महिन्याची मेहनत वाया जाईल."

ऐकतोय कशाला! त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि चित्रातल्या शिवराजलाच फेट्यासकट पुसून टाकलं.

"अहो, मला का पुसलं?" शिवराज ओरडला.

बन्सी म्हणाला, "घोडी जिंकली ती त्या भोवऱ्यासकट. तू नुसता लगाम धरून उभा व्हतास."