दगडातलं पान

कळमनुरीजवळच्या तांड्यावरचे प्रेमसिंग पंधराव्या वर्षी खाणीत खडी फोडायला लागले. तिथल्याच एका म्हाताऱ्या पाथरवटानं त्यांच्या हातात छिन्नी दिली. पुढची चाळीस वर्षं त्यांनी पाटे, उंबरे आणि गावोगावचे नंदी घडवले.

गेल्या वर्षी हिंगोलीत सरोजिनीताईंच्या घरी ते पायरी बसवायला गेले. ताई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. पाणी प्यायला प्रेमसिंग आत आले, तर समोर भिंतीवर तपकिरी झालेला एक जुना फोटो. पळणारी पोरगी, तिला गाठणारा तरुण, आणि पोरीच्या बोटांतून फुटलेली पानं.

"झाडाखाली काढला का हा फोटो?"

"झाड नाही ते. सगळं दगडाचं आहे. संगमरवर."

"पानं बी?"

"पानंसुद्धा."

ताईंनी ग्रीकांची गोष्ट सांगितली. डॅफ्नी नावाच्या मुलीमागं अपोलो देव लागला. तिला तो नको होता. पळून पळून दमली, तेव्हा तिनं बापाला हाक मारली. बाप म्हणजे नदी. त्यानं लेकीचं झाड करून टाकलं. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका शिल्पकारानं तो क्षण दगडात धरला.

प्रेमसिंगनी ताईंकडून भिंग घेतलं. बाहेर घमेल्यातलं सिमेंट घट्ट होऊन गेलं, तरी ते हलले नाहीत.

"देवानं कमरेला हात लावला, अन् हाताखाली कातडी न्हाई, साल हाय," ते हळूच म्हणाले. "ताई, हे करताना त्या माणसाचा हात थरथरला कसा न्हाई?"



घरी येऊन त्यांनी दगडात पिंपळाचं पान घडवायला घेतलं. सहा तुटली. सातवं टिकलं, पण बोटभर जाड. बायको पारुबाईनं ते हातावर तोललं.

"हे पान हाय का भाकर?"

प्रेमसिंग पोट धरून हसले. पण छिन्नी त्यांनी खाली ठेवली नाही.

महाशिवरात्रीला दोघं औंढ्याच्या नागनाथाला गेले. दरसाल जात, दर्शन घेत, एसटीनं परतत. यंदा रांग पुढं सरकली आणि प्रेमसिंग देवळाच्या भिंतीपाशीच थांबले. तिथं एक दगडी बाई नाचत होती. उचललेल्या पायाची टाच, तिच्यावर रुतलेला तोडा. घडवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

"चला की, काहून थांबलात?" पारुबाई म्हणाली.

"तू हो पुढं," म्हणत त्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. "माझं दर्शन इथंच होऊन राहिलं."