मान्य नसलेली तार

मखलूफ एदरीचा शुक्रवार पहाटे चारला सुरू होई. काळा चहा घेऊन, जाड बूट चढवून तो इस्रायलमधल्या त्सफात गावातल्या आमच्या वस्तीला फेरी मारायचा. मान वर. खांबांवरची तार शाबूत आहे ना, एवढंच पाहायचं.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या आम्हा यहुदींच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही. किल्ली नाही, पुस्तक नाही, तान्हं मूलही नाही. वस्तीभोवती खांबांच्या माथ्यावरून तार ओढली, की सगळी वस्ती एका अंगणासारखी धरतात. मग आतल्या आत उचलायला हरकत नसते. आमचे धर्मगुरू रब्बी एल्याकिम असं मानतात, आम्हीही मानतो. मखलूफ मानत नाही. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की हमरस्ता तो हमरस्ता, तारेने त्याचं अंगण होत नाही. त्यामुळे शब्बाथला मखलूफच्या खिशात रुमालसुद्धा नसतो.

मखलूफ आणि मी, दोघांनी नगरपालिकेत दगडी पायऱ्या बसवण्यात आयुष्य घालवलं. निवृत्तीनंतर तार सांभाळायला कोणी मिळेना, तेव्हा रब्बींनी त्यालाच विचारलं. लोक हसले. रब्बी म्हणाले, "त्यांना ती मान्य नाही, म्हणून ते डोळेझाक करणार नाहीत."

त्या हिवाळ्यात त्याच्या मुलीला, ओस्नातला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. आठवा दिवस शब्बाथला आला. सुंता आठव्या दिवशीच व्हायची, शब्बाथ असला तरी. ओस्नातला ती सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात हवी होती, तिच्यासाठी इतकी वर्षं प्रार्थना करणाऱ्या सगळ्यांसमोर. तार तुटली असती, तर मूल रस्त्यावरून नेता आलं नसतं. आणि तिच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दहा माणसं जेमतेम मावली असती.

गुरुवारी वारा सुटला. शुक्रवारी उजाडता उजाडता मखलूफ माझ्या दारात उभा.

"अवनेर, पहार घे. कब्रस्तानाच्या वरचा खांब आडवा झालाय. तार तुटली."

"रब्बींना सांगितलंस?"

"आधी त्यांनाच सांगितलं. ओस्नातलाही."

ओस्नात काही बोलली नव्हती. तिचा नवरा गिदोन मात्र बोलला होता. "बरोबर आजच तुटली? अब्बा, तुमचं म्हणणं देवाने ऐकलं म्हणायचं."

मखलूफने मला हे चढावर सांगितलं, पुढे पाहत. मग म्हणाला, "तो बोलला. तिला तसं वाटलं नसेल ना?"

मी पहार दुसऱ्या खांद्यावर घेतली.

खांबाचा खड्डा खडकात होता. जुना चुना फोडून काढायलाच सकाळ गेली. खांब उभा करून दगडांच्या पाचरी ठोकल्या, सिमेंट भरलं, दोन्हीकडून दोर ताणले. हात बधिर झाले होते. तुटलेल्या तारेला जोड दिला, तरी ती माथ्यापर्यंत पोचेना, थोडी कमी पडली.

मी म्हणालो, "खांबाच्या बाजूला आवळून टाक. खालून कोणाला दिसतंय?"

"माथ्यावरूनच जायला हवी."

"तुला तर ही तारच मान्य नाही. वरून गेली काय, बाजूने गेली काय."

"माझ्यासाठी बांधतोय का मी? उद्या रब्बी हिच्या भरवशावर पुस्तक घेऊन निघणार. त्यांचा शब्बाथ मी मोडू?"

जोड सोडून त्याने नवा तुकडा कापायला घेतला. म्हणजे सगळं काम पुन्हा.

दुपार कलली तेव्हा रब्बी धापा टाकत वर आले. मागे गिदोन होता, खाली मान घालून. रब्बी म्हणाले, "मखलूफ, हात बघा तुमचे. पुरे झालं. मी जाहीर करतो की तार नाही. सुंता घरी करू, देव काय घरी येत नाही?"

"अजून उजेड आहे. शिडी धरा."

रब्बींनी कोटाचे घोळ कमरेत खोचले आणि शिडी धरली. गिदोनने दुसरी बाजू धरली. मखलूफने तार माथ्यावरून नेली, ताणली, बांधली आणि उतरला.

"आता तुम्ही चढा," तो रब्बींना म्हणाला. "तुमच्या मापाने बघा. माझं माप विचारू नका."

रब्बी थरथरत चढले, हात लावून पाहिलं, उतरले. "माझ्या मापाने चोख आहे."

"मग झालं."

गिदोन पुटपुटला, "अब्बा, सकाळी मी..."

"पहार उचल. आणि पळ, अंघोळ राहिलीय."

शब्बाथ लागल्याचा भोंगा वाजला तेव्हा मी दारात बूट काढत होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सकाळी ओस्नात मूल छातीशी धरून निघाली. मखलूफ शेजारून चालला, प्रार्थनेची शाल अंगावर पांघरून, हात मोकळे. चढावर ती दमली. तिने मूल त्याच्याकडे दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही. सिनेगॉगचा उंबरठा ओलांडल्यावर मात्र तिने ते आपणहून त्याच्या हातांत ठेवलं. "धरा अब्बा, आता आत आलो." सुंता त्याच्या मांडीवर झाली. त्याचे हात सोलवटलेले होते, पण मुळीच हलले नाहीत.

नंतर रब्बी तारेवर बोलले. आधी त्यांनी मखलूफच्या वडिलांचं म्हणणं मांडलं, सगळ्या आधारांसह, इतकं नीट की मला वाटलं आता हे पलटणार. मग स्वतःचं मांडलं. मखलूफ मान डोलवत ऐकत होता. जेवताना दोघे त्याच मुद्द्यावर पुन्हा भांडले, आणि मासे निवले म्हणून रब्बींच्या बायकोने दोघांनाही झापलं.

तारेच्या कामाचा पगार मखलूफने कधी खर्च केला नव्हता. का, ते मीही विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात तो मला बाजारात घेऊन गेला आणि एका दुकानात बाबागाड्या पाहू लागला. चाकं फिरवून पाहिली, दांडा वाकवून पाहिला, आत कपड्याचं गाठोडं ठेवायला लावून दुकानदाराला दमवलं.

मी म्हणालो, "शब्बाथला ओस्नात ही गाडी रस्त्यावर ढकलणार. माहीत आहे ना?"

"ढकलणारच. ब्रेक चांगला हवा, उतार वाईट आहे."

पगाराचे सगळे पैसे त्याने तिथे दिले. मग ओस्नातच्या घरापर्यंत गाडी स्वतः ढकलत नेली. मंगळवार होता.