लहान मुलांचे स्वेटर

बी.एड. करून घरी बसले होते, तेव्हा मी ऑनलाइन वस्तू विकायला लागले. आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे लहान मुलांचे स्वेटर फार स्वस्त मिळायचे. दिवाळीआधी मी त्याच्याकडचे सगळेच उचलले.

"एवढे काहून, ताई?" त्यानं विचारलं.

"नातेवाइकांच्या लेकरांना," मी खोटं बोलले. चौपट भाव लावून फोटो टाकले आणि आठवड्याभरात सगळे विकले गेले.

पुढे पार्सलसाठी चिकटपट्टी घ्यायला त्याच दुकानात गेले, तर तांड्यावरची एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ती ऊसतोडीला निघणार होती.

"स्वेटर न्हाई का औंदा?"

"तुमच्यासाठीच कमी भावात ठेवतो, पण या ताईंनी नेले. नातेवाइकांच्या लेकरांसाठी."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "व्हय, थंडी तर समद्याच लेकरांना वाजती." मी मान खाली घातली.

सकाळीच मी हिंगोलीहून एक स्वेटर आणला आणि तांड्यावर गेले. तिच्या घराला कुलूप होतं. टोळीचा ट्रक पहाटेच गेला होता.

पुढच्या हिवाळ्यात दुकानदारानं स्वतःच भाव तिप्पट केला. त्यानं माझी जाहिरात मोबाइलवर पाहिली होती.

"आमाला कुठं ठावं होतं एवढं मिळतं म्हणून," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आभारच होते. स्वेटर दारातच टांगलेले होते, आणि तांड्यावरच्या बाया हात लावून पुढं जात होत्या.

मी अजूनही विकते. दुसरं काम मिळालं नाही.