कुलपामागची माणसं

चावीवहिनीच्या कमरेला अख्ख्या गल्लीच्या चाव्या असायच्या. गल्लीतले बहुतेक पुरुष पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी घरी यायचे, अंगावर पाणी घ्यायचे आणि आडवे व्हायचे. बायका कामाला गेल्या की दार वाजवणाऱ्यांची रीघ लागे आणि झोपेचं खोबरं होई. म्हणून वहिनीनं युक्ती काढली. इस्पितळाच्या धुलाईघरातलं तिचं काम उशिरा सुरू होई. सगळ्यांत शेवटी निघताना ती एकेका दाराला बाहेरून कुलूप घाली. आतल्यांना अडलंनडलं तर मागचं दार होतंच. कुलूप दिसलं की आलेला माणूस आल्या पावली परत. वहिनीला आपल्या डोक्याचं कोण कौतुक!

मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं. त्यासाठी एका परदेशी बँकेनं कर्ज दिलं होतं. रस्त्यात कुणाचं घर जात असेल तर त्याला आधी दुसरं घर द्यायचं, अशी बँकेची अट होती. मोजणीवाले भर दुपारी आले, कुलपं पाहिली आणि गल्लीत कुणी राहत नाही असं लिहून मोकळे झाले. पाठोपाठ नोटीस लागली. घरं पाडणार, बदल्यात काही नाही.

गल्ली वहिनीवर तुटून पडली. "तुझ्या कुलपांनी आम्हाला रस्त्यावर आणलं," शेजारीण तोंडावर म्हणाली. वहिनीलाही तेच वाटत होतं.

"मोजणी त्यांची, आणि चूक तुझी कशी?" नवरा म्हणाला. "संध्याकाळी परत यायला त्यांचे पाय दुखत होते का?"

रस्ते खात्याच्या साहेबांकडे खेपा घालून तिच्या चपला झिजल्या. "कागदावर रिकामी आहे ना? मग रिकामीच," साहेब म्हणायचे. शेवटी इस्पितळातल्या एका नर्सनं सांगितलं, की बँकेकडे थेट तक्रार करता येते. नर्सनं लिहिली, वहिनीनं सही केली.

आणि खरंच बँकेच्या बाई आल्या, सोबत दुभाष्या. आल्या त्याही भर दुपारीच; रात्रपाळी चालूच होती, म्हणून कुलपंही रोजच्यासारखी लागलेली. साहेब पुढे होऊन दाखवू लागले, "बघा, सगळीकडे कुलपं." वहिनी रजा टाकून मागून चालत होती.

बाई एका दाराशी थांबल्या. आतून घोरण्याचा आवाज येत होता. शेजारच्या दारातूनही. त्यापुढच्या घरात तर कुणी लाकूड कापायला बसलंय असं वाटत होतं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले.

"दार वाजवलं तर चालेल का, विचारतायत," दुभाष्या म्हणाला.

इतकी वर्षं स्वतःच्या घराच्या ज्या दारावर तिनं कुणाला टिचकी मारू दिली नव्हती, त्याचं कुलूप वहिनीनं काढलं आणि ते दोन्ही हातांनी बडवलं. नवरा बनियन ओढत, चरफडत बाहेर आला.

"तुम्ही इथंच राहता?" दुभाष्यानं विचारलं.

"मग काय, घोरायला भाड्यानं येतो?"

दुभाष्यानं ते कसं सांगितलं कोण जाणे, पण बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. हे घर सोडणार का, असं तुम्हाला आधी कुणी विचारलं होतं का, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. नवऱ्याची झोप उडाली.

"नाही," तो म्हणाला. "याच पहिल्या."

बँकेनं पैसे रोखले, तसं काम थांबलं. पुन्हा मोजणी झाली, या वेळी संध्याकाळी, आणि गल्लीतलं एकेक माणूस नोंदलं गेलं. जुनी घरं सोडावी लागणार, ते दुःख होतंच. पण आधी नवी घरं हातात, मगच हातोडा, हे लेखी ठरलं. निरोप धुलाईघरात आला तेव्हा वहिनी चादरींच्या ढिगावर बसून मनसोक्त रडली आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. नवरा झोपला होता.

"ऐकलं का? घर मिळालं."

त्यानं डोळे न उघडताच अंग सरकवून जागा केली. रात्री तो भट्टीवर, दिवसा ती कामावर. दोघांनी एका वेळी पाठ टेकल्याला वर्षं लोटली होती. वहिनी त्याच्या शेजारी आडवी झाली आणि उन्हं उतरेपर्यंत झोपली.