ताजी माती

इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या पार्कात एक रिटायर्ड काका रोज सकाळी मेटल डिटेक्टर फिरवतात. नवशिकेच आहेत. मशीन वाजलं की गुडघ्यांवर बसून खणतात, बाटलीचं झाकण निघतं, "शिकतोय अजून," म्हणतात आणि खड्डा तळहाताने थोपटून बुजवतात. त्यांचा उत्साह टिकावा म्हणून परवा मी बाकाजवळ एक जुनं नाणं पुरून ठेवलं.

ते सापडल्यावर काका सरळ माझ्याकडे आले. "तुझंच ना? माती ताजी होती."

मी ओशाळलो.

"काही मिळावं म्हणून येत नाही रे," ते म्हणाले. "तुझी काकू गेल्यापासून घरात कुणी हाक मारत नाही. हे वाजलं की कुणीतरी बोलावल्यासारखं वाटतं."

नाणं माझ्या हातात ठेवून ते पुन्हा गवतात चालू लागले.