दाराकडे पाठ केलेली खुर्ची

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी रंगनाथ गांगुर्डे याच्या मुलीचा फोन आला. "नानाकाका, बाबा गेले." अंत्ययात्रा किती वाजता निघणार, एवढेच मी विचारले. अधिक काही बोलण्याचा अधिकार मी चाळीस वर्षांपूर्वी गमावला होता. तो कसा गमावला, हे त्याच्या हयातीत सांगायला हवे होते. आता इथे लिहितो आहे.

सत्तरचे दशक सरून ऐंशीचे लागले, त्या सुमारास रंगनाथ अंबडच्या आमच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून आला. नाशिकमध्ये तेव्हा फुटबॉलला फारसे कोणी विचारत नसे. मैदाने कबड्डीची आणि खो-खोची. रंगनाथचे वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या भटारखान्यात होते आणि हा जवानांबरोबर खेळून तयार झालेला. मी तपासणी विभागात, वयाने सहा वर्षांनी मोठा, संघाचा कर्णधार आणि गोलरक्षक. तो माझ्या पुढ्यात, बचावफळीच्या मधोमध. पहिली पाळी सुटली की कारखान्यामागच्या मुरमाड जागेवर सराव चाले. उंची बेताची, अंगकाठी साधी. तो चेंडूवर झडप घालत नसे; समोरच्याला ताटकळत ठेवी. समोरचा कंटाळून चूक करी आणि मग रंगनाथ चेंडू काढून घेई, पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तितक्या अदबीने. मला म्हणे, "नाना, तुम्ही गोलात खुर्ची टाकून बसा. चहा येईल, बॉल नाही यायचा."

जवानांकडून त्याने एक नियम उचलला होता. मागून गोलरक्षकाची हाक आली की मान न वळवता बाजूला व्हायचे. मी एकदा म्हणालो, "अरे, निदान एकदा बघत तरी जा." तो हसला. "बघायला गेलो की उशीर होतो नाना. तुम्हाला सगळं ग्राउंड दिसतं. मला फक्त समोरचा."

कारखान्यात प्रघात असा होता, की खेळाडू आधी हंगामी घ्यायचे. हंगाम संपला की कर्णधाराने प्रत्येकाच्या कागदावर शेरा लिहायचा आणि त्यावरून कायम करायचे की नाही ते ठरायचे. रंगनाथचे लग्न जमत आले होते. नोकरी कायम झाली की तारीख धरू, असे मुलीकडच्यांनी कळवले होते. हे मला ठाऊक होते. त्यानेच सांगितले होते, लाजत लाजत…

कारखान्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना. बरोबरी होती आणि थोडीच मिनिटे उरली होती. उंच चेंडू आला. रंगनाथ उडी घेण्याच्या बेतात असताना मी ओरडलो, "माझा! सोड!" तो बाजूला झाला, नेहमीप्रमाणे, मान न वळवता. मी दोन पावले पुढे गेलो आणि थांबलो. समोरून त्यांचा धिप्पाड फॉरवर्ड धावत येत होता. आदल्या वर्षी अशाच धडकेत माझे खांद्याचे हाड मोडले होते. चेंडू माझ्या आणि रंगनाथच्या मध्ये टप्पा खाऊन गोलात गेला.

सामना संपल्यावर कारखान्याचे साहेब मैदानात आले. "गांगुर्डे, बॉल सोडलास कसा?" गोंगाटात माझी हाक त्यांनी ऐकली नव्हती. रंगनाथने माझ्याकडे पाहिले. मी वाकून बुटाची नाडी सोडत होतो… ती सुटलेलीच होती. "चुकलं साहेब," तो म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा कागद माझ्या टेबलावर आला. खरे लिहायचे तर कर्णधाराची भीती लिहावी लागली असती. मी लिहिले, 'ऐन वेळी निर्णय चुकतो.' अक्षर चांगले आले होते, हे अजून आठवते.

त्याला कायम केले नाही. रंगनाथ नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ एका वेल्डिंगच्या दुकानात लागला. लग्न दोन वर्षे लांबले. गुडघा चालला तोवर रविवारी गल्लीतल्या संघांकडून खेळला. मोठ्या संघाने त्याला पुन्हा विचारले नाही. त्या शेऱ्याविषयी त्याला कधी कळले नाही. पुढे स्वतःचे दुकान टाकल्यावर माझ्या घराच्या खिडक्यांना जाळ्या त्यानेच बसवून दिल्या. मी दिवसभर शेजारी उभा होतो. 

शेवटची भेट त्याच्या इंदिरानगरच्या घरी, जाण्यापूर्वी दोन महिने. त्याची खुर्ची नेहमी दाराकडे पाठ करून ठेवलेली असे. मी उंबऱ्यातून "रंगनाथ" म्हणालो, तर मान न वळवता त्याने पाय बाजूला घेतले, मला वाट दिली. "या नाना." चहा आला. मग म्हणाला, "एक विचारू? त्या फायनलला तुम्ही हाक मारली होती ना? मला ऐकू आली होती असं वाटतं. मग वाटतं, माझ्याच कानात वाजली असेल. नाहीतर तुम्ही बोलला असतात."

चाळीस वर्षे तो स्वतःच्या कानांवर संशय घेत होता. माझ्यावर त्याने घेतला नव्हता.

मी म्हणालो, "फार वर्षं झाली रे. आठवत नाही."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "चहा निवतोय."

रंगनाथच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर सगळे पांगल्यावर मी त्याच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, हे सांगितले. हाकेचे सांगितले, शेऱ्याचेही.  "मग त्यांना का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

खोलीत मी एकटाच उरलो. खुर्ची होती तशीच होती, दाराकडे पाठ केलेली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. हाक मात्र मारवली नाही.